डीएनए आत घेताना जीवाणू आपली पेशीभित्तिका कशी सांभाळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक बी.एस्सी. आणि एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहेत. काही डीएमएलटी करणाऱ्यांचे, काही शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांचे. रूपांतरणाचा, म्हणजे जीवाणूने बाहेरचा डीएनए घेऊन बदलण्याचा, धडा बहुतेक पुस्तकांत ग्रिफिथच्या उंदरांवरच्या प्रयोगापासून (प्रश्न ११) सुरू होतो आणि तिथून थेट डीएनएवर येतो. वाटेत जी जाड भित्तिका लागते तिची चौकशी कुणी करत नाही. इथली उत्तरं त्या भित्तिकेबद्दल आहेत. मुख्य उदाहरण न्यूमोकोकसचं, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी या जीवाणूचं. गरज पडेल तिथे बॅसिलस सबटिलिस आणि इतर.

१. जीवाणू बाहेरचा डीएनए घेतात म्हणजे नेमकं काय होतं?

एखादी पेशी फुटली की तिचा डीएनए भोवतालच्या द्रवात मोकळा होतो. काही जातींचे जीवाणू तो पकडतात, आत ओढतात आणि जुळणारा भाग स्वतःच्या गुणसूत्रात बसवून घेतात. याला नैसर्गिक रूपांतरण म्हणतात. हे काम पेशी कायम करत नाही. त्यासाठी तिला काही काळ 'सक्षम' व्हावं लागतं, म्हणजे एरवी बंद असलेली जनुकं चालू करावी लागतात.

आत जाताना दुपदरी डीएनएचा एकच पदर जातो. न्यूमोकोकसमध्ये एन्डए हे विकर (एन्झाइम) दुसरा पदर पृष्ठभागावरच तोडून टाकतं. आत येणारा पदर पेशीपटलातल्या कॉमईसी या प्रथिनाच्या मार्गातून सरकतो. आत पोचल्यावर त्याला प्रथिनं वेढून घेतात आणि आरईसीए हे प्रथिन त्याची गुणसूत्राशी जुळणी करून देतं.

२. भित्तिकेत असतं काय? टायकॉइक आम्ल म्हणजे काय?

ग्राम-धन, म्हणजे न्यूमोकोकस आणि बॅसिलससारख्या जाड भित्तिकेच्या, जीवाणूंची भित्तिका दोन गोष्टींची बनते. एक, पेप्टिडोग्लायकन: शर्करांच्या साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे छोटे पेप्टाइड. पेशीला आकार आणि ताकद याच जाळ्यामुळे मिळते. दुसरी, टायकॉइक आम्लं: फॉस्फेटने जोडलेल्या घटकांच्या लांब साखळ्या. काही साखळ्या थेट पेप्टिडोग्लायकनला जोडलेल्या असतात, त्या भित्ति-टायकॉइक आम्लं. काहींचं मूळ पेशीपटलातल्या मेदात रुतलेलं असतं, त्या लिपोटायकॉइक आम्लं.

न्यूमोकोकसमध्ये या दोन्ही साखळ्यांचे घटक सारखेच असतात, फरक फक्त शेवटी कुठे बांधल्या जातात याचा. शिवाय त्यांच्यावर फॉस्फोकोलीनचे गट असतात. हे कोलीन लक्षात ठेवा, पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्याच्याशी येऊन मिळतात.

३. भित्तिका इतकी जाड असते, मग डीएनए तिच्यातून जातो कसा? भोक पाडतात का?

बॅसिलस सबटिलिसची भित्तिका साधारण ३० ते ४० नॅनोमीटर जाड असते. डीएनएची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. पेप्टिडोग्लायकन हे जाळं आहे, भरीव भिंत नाही. तरीही लांबलचक, ऋणभारित रेणू त्यातून आपोआप आत सरकेल अशी अपेक्षा करता येत नाही. त्याला बाहेर जाऊन आणावंच लागतं.

ते काम एका बारीक तंतूचं आहे. न्यूमोकोकसमध्ये तो कॉमजीसी या प्रथिनाच्या असंख्य प्रतींचा बनतो, पेशीपटलातून निघून भित्तिका ओलांडतो आणि पेशीच्या लांबीपेक्षाही लांब वाढू शकतो. हा तंतू डीएनएला चिकटतो हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. तो आखडला की डीएनए पेशीपटलाजवळ येतो, तिथे कॉमईए त्याला धरून ठेवतं आणि कॉमईसीकडे सोपवतं. म्हणजे 'भोक पाडणं' असं म्हणायचंच असेल तर ते तंतूच्या जाडीएवढ्या वाटेपुरतं. सगळी भित्तिका सैल केली जात नाही.

४. पेशी सक्षम व्हायचं कधी ठरवते?

न्यूमोकोकस १७ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड बाहेर सोडतो, सीएसपी, म्हणजे सक्षमता चेतवणारा पेप्टाइड. तो १९९५ मध्ये ओळखला गेला. त्याची पातळी पुरेशी झाली की पेशीपटलातला कॉमडी हा संवेदक कॉमई या प्रथिनाला फॉस्फेट देऊन जागं करतो. कॉमई 'लवकरची' जनुकं चालू करतं. त्यांतलंच एक कॉमएक्स, आणि ते 'उशिराची' जनुकं चालू करतं. तंतू, कॉमईसी, डीएनए सांभाळणारी प्रथिनं ही बहुतेक उशिराच्या गटातली. ही अवस्था २०-३० मिनिटं टिकते आणि मग पेशी स्वतःच ती बंद करते.

लवकर आणि उशिरा हा क्रम घोकून पाठ करण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

बॅसिलस सबटिलिसमध्ये सूत्रं कॉमके या प्रथिनाकडे असतात आणि प्रयोगशाळेतल्या वाणांतही थोड्याच पेशी सक्षम होतात, साधारण दहा-वीस टक्के. न्यूमोकोकसमध्ये मात्र जवळपास सगळी वसाहत एकदम सक्षम होऊ शकते.

५. डीएनएवर ऋण भार आणि टायकॉइक आम्लावरही ऋण भार. मग टायकॉइक आम्लामुळे डीएनए पृष्ठभागावर चिकटतो असं का लिहिलेलं असतं? हे उलटं नाही का?

प्रश्न अगदी योग्य आहे. सरसकट पाहिलं तर दोन ऋणभारित साखळ्यांनी एकमेकींना दूरच लोटायला हवं.

उत्तर बॅसिलस सबटिलिसच्या एका कामातून मिळतं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी सक्षम पेशींवर भित्तिकेची बांधणी रोखणारी प्रतिजैविकं वापरून पाहिली. सक्षमतेच्या काळात नव्याने बनणारं भित्ति-टायकॉइक आम्ल अडवलं, की डीएनए पृष्ठभागावर बांधला जाणंच कमी होतं आणि रूपांतरण पडतं, असं दिसलं. त्यांनी टुआएच या विकराकडेही बोट दाखवलं. ते सक्षमतेच्या वेळी वाढतं आणि साखळीवर शर्करा चढवणाऱ्या विकरांच्या कुळातलं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की टुआएच टायकॉइक आम्लात बदल करतं आणि त्यामुळे डीएनए ओढणाऱ्या यंत्रणेच्या आसपास बंधनाच्या जागा तयार होतात.

यातला कळीचा शब्द 'नव्याने' आहे. पेशी जुन्या भित्तिकेवर भागवत नाही, या कामासाठी वेगळी सजवलेली साखळी बनवते. परीक्षेत फक्त 'टायकॉइक आम्ल डीएनए बांधतं' एवढंच लिहिलंत तर अर्धं उत्तर झालं.

६. सक्षम न्यूमोकोकस आपल्याच भावंडांना मारतात हे खरं आहे का?

खरं आहे. इंग्रजी पुस्तकांत याला 'फ्रॅट्रिसाइड' म्हणतात. सक्षम पेशी सीबीपीडी नावाचं विकर बाहेर सोडते. त्याच्या एका टोकाला पेप्टिडोग्लायकनमधला पेप्टाइड तोडणारा भाग असतो, मध्ये पेप्टिडोग्लायकनला चिकटणारे भाग आणि दुसऱ्या टोकाला कोलीन धरणारा भाग. टायकॉइक आम्लावरच्या कोलीनला हे टोक पकडतं आणि भित्तिका कापायला लागतं. सीबीपीडीने सुरुवात करून दिली की लिटए आणि लिटसी ही आणखी दोन कोलीन-बंधक विकरं काम पुरं करतात. शेजारची असक्षम पेशी फुटते, तिचा डीएनए सांडतो आणि सक्षम पेशी तो उचलते.

सीबीपीडी भित्तिकेवर कुठेही हल्ला करत नाही. त्याचा वार पडतो पेशीच्या कमरेवर, जिथे विभाजनासाठी नवं पेप्टिडोग्लायकन विणलं जात असतं. गोल पेशीच्या मध्यावर एक अरुंद पट्टा असतो. एफटीएसडब्ल्यू आणि पीबीपी२एक्स ही विकरांची जोडी तिथे ताजे धागे घालत असते, आणि सीबीपीडीला हेच ताजे धागे सापडतात. जुनी, पक्की झालेली भित्तिका त्याच्या तावडीत तितकी सापडत नाही.

७. मग सक्षम पेशी स्वतःच्याच सीबीपीडीने का मरत नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभाही हाच.

पहिलं उत्तर २००६ पासून माहीत आहे: कॉमएम हे पेशीपटलातलं प्रथिन. ते नसलेली सक्षम पेशी स्वतःच्याच विकराला बळी पडते. आता प्रश्न ४ मधला क्रम आठवा. कॉमएम लवकरच्या गटात आहे, सीबीपीडी उशिराच्या. ढाल आधी, तलवार नंतर. क्रम उलटला असता तर सक्षम होणारी पेशी सगळ्यात आधी स्वतःलाच कापून बसली असती.

दुसरं उत्तर नवं आहे. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने न्यूमोकोकसची जनुकं एकेक करून दाबून पाहिली, एकदा सक्षमता चालू असताना आणि एकदा नसताना. सक्षमतेच्या वेळी ज्या जनुकांवाचून पेशीचं अडतं, त्यांत टायकॉइक आम्ल बनवणारी जनुकं निघाली. त्यातून लिटआर पुढे आलं. न्यूमोकोकसमध्ये टायकॉइक आम्लाची साखळी पेप्टिडोग्लायकनला बांधायची शेवटची पायरी मुख्यतः लिटआर पार पाडतं. तेही सक्षमतेच्या लवकरच्या गटात आहे. लिटआर नसेल, तर कॉमएम असूनही सीबीपीडीपुढे पेशीचा टिकाव लागत नाही.

याचा अर्थ असा की डीएनए घ्यायच्या त्या थोड्या मिनिटांत पेशी आपल्या भित्तिकेला टायकॉइक आम्ल बांधायचं काम ढिलं पडू देत नाही, उलट नेटाने करते. ज्या साखळीवरचं कोलीन धरून विकर भित्तिका कापतं, तीच साखळी भित्तिकेत नीट बांधलेली असणं हा बचावाचाही भाग आहे. कोलीन आहे म्हणजे फक्त धोका, असं समीकरण मांडू नका. ते इथे चुकतं.

८. सक्षम असताना पेशी विभाजन का थांबवते?

थांबवते म्हणण्यापेक्षा लांबवते. कॉमएममुळे न्यूमोकोकसचं विभाजन थोडं उशिरा होतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. कारणं दोन आणि दोन्ही पटण्यासारखी. नवा डीएनए गुणसूत्रात बसवायचं काम अर्धवट असताना पेशी दुभंगली तर गुणसूत्राची हानी होऊ शकते. शिवाय विणकाम चालू असलेला कमरेचा पट्टाच सीबीपीडीचं लक्ष्य असतो (प्रश्न ६).

बॅसिलस सबटिलिसमध्येही सक्षम पेशी वाढ आणि विभाजन रोखून धरतात. तिथे यात कॉमजीए या प्रथिनाचा वाटा आहे.

९. कोलीनच नसेल तर?

न्यूमोकोकसला वाढायला कोलीन लागतं. पण माध्यमात कोलीनऐवजी इथेनोलामाइन दिलं तर तो ते टायकॉइक आम्लात घालून वाढतो. अलेक्झांडर टोमास यांनी १९६८ मध्ये अशा पेशींचं वर्णन केलं. पेशी एकमेकींपासून सुट्या होत नाहीत, लांब साखळ्या बनतात. त्या आपोआप विरघळत नाहीत. आणि त्यांचं रूपांतरण होत नाही. भित्तिकेतला एक छोटासा गट बदलला आणि तीन वेगळे वाटणारे गुण एकदम गेले. टायकॉइक आम्ल नुसतं भराव नाही, हे इतक्या जुन्या प्रयोगात दिसलं होतं. वर्गात शिकवायला यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

१०. आमच्या लॅबमध्ये बाइल सॉल्युबिलिटी टेस्ट करतो. तिचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. न्यूमोकोकसच्या गढूळ निलंबनात सोडियम डीऑक्सीकोलेट हा पित्तक्षार घातला की नळी स्वच्छ होते, शेजारची सलाईन घातलेली नळी गढूळच राहते. पित्तक्षार पेशीला नुसतं 'विरघळवत' नाहीत. ते पेशीच्याच लिटए या विकराला मोकळं सोडतात, आणि लिटए कोलीनला धरून स्वतःची भित्तिका कापतं. ब्लड अगारवरच्या जुन्या वसाहती मध्यभागी खोलगट होतात, त्याचंही कारण लिटएच. प्रश्न ६ मध्ये शेजाऱ्याला फोडायला मदत करणारं आणि तुमच्या नळीत दिसणारं विकर एकच आहे.

जाताजाता: एरवी हे विकर आवरलेलं का राहतं, याचं मोठं कारणही टायकॉइक आम्लात आहे. वाढीच्या काळात पेशी लिपोटायकॉइक आम्ल भरपूर बनवते. ते बनवणारं टॅकएल हे विकर वाढ थांबलेल्या स्थिर अवस्थेत किंवा पेनिसिलिनच्या माऱ्यात तोडलं जातं, साखळ्या भित्तिकेकडे वळतात आणि लिटएला हवी ती जागा मिळते.

११. कॅप्सूल असलेले न्यूमोकोकस डीएनए घेऊ शकतात का?

घेऊ शकतात, पण जाड कॅप्सूल, म्हणजे भित्तिकेबाहेरचं शर्करांचं आवरण, अडथळा ठरते. प्रयोगशाळेत कॅप्सूल नसलेले वाण बरेच सहज रूपांतरित होतात. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथने वापरलेला जिवंत वाण कॅप्सूल नसलेलाच होता आणि त्याने उष्णतेने मारलेल्या जीवाणूंकडून कॅप्सूलचा गुण मिळवला. तो गुण नेणारा पदार्थ डीएनए आहे हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं.

याचा आजच्या लसीकरणाशी संबंध येतो. कॅप्सूलचे १०० पेक्षा जास्त प्रकार आहेत आणि लस त्यांतल्या ठरावीक प्रकारांविरुद्ध असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल १० प्रकारांविरुद्ध आहे. रूपांतरणातून कॅप्सूलची जनुकं बदलली की तोच वाण लसीबाहेरचा प्रकार पांघरू शकतो. म्हणून लस सुरू केल्यावरही कोणते प्रकार फिरताहेत यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यावरून 'लस कशाला मग' असा अर्थ काढू नका. बाळांना गंभीर न्यूमोनियापासून वाचवण्याचं काम ती करते.

१२. ग्राम-ऋण जीवाणूंत भित्तिका पातळ असते. मग तिथे अडचणच नाही का?

आहे, पण वेगळी. पेप्टिडोग्लायकन पातळ असलं तरी त्याच्या बाहेर आणखी एक पटल असतं. कॉलऱ्याचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, पिलक्यू या प्रथिनाच्या कड्यातून तंतू बाहेर काढतो, डीएनएला धरतो आणि त्याच कड्यातून मागे ओढतो. २०१८ मध्ये हे जिवंत पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं. दोन पटलांमधल्या जागेत कॉमईए डीएनएला चिकटत जातं, त्यामुळे तो परत बाहेर घसरत नाही.

शेजाऱ्याला फोडायची पद्धतही निराळी. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवर वाढताना हा जीवाणू सक्षम होतो आणि त्याच वेळी सहाव्या प्रकारची स्रावयंत्रणा चालू करतो. ती सुईसारखी शेजारच्या पेशीत घुसते. इथे कोलीन आणि सीबीपीडी नाहीत, हेतू मात्र तोच.

१३. प्रॅक्टिकलला ई. कोलाय कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवून ४२ अंशांचा उष्णतेचा धक्का देतो. तेही हेच का?

नाही. ती मॅन्डेल आणि हिगा यांच्या १९७० च्या कामातून आलेली कृत्रिम पद्धत आहे. तिच्यात सक्षमतेची जनुकं, तंतू, कॉमईसी यांतलं काही लागत नाही. प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा छोटा गोल डीएनए, दुपदरी आणि अख्खं आत जातं, एक पदर तोडला जात नाही. जर्नलमध्ये दोन्हींना 'कॉम्पिटंट सेल्स' लिहितात म्हणून गल्लत होते.

१४. सीबीपीडी नसलेला न्यूमोकोकस रूपांतरित होऊच शकत नाही का?

होतो. नळीत शुद्ध डीएनए आयता दिलात तर सीबीपीडी नसतानाही रूपांतरण व्यवस्थित होतं, कारण आत ओढणारी यंत्रणा वेगळी आहे (प्रश्न ३). फरक दिसतो तो डीएनए जिवंत शेजाऱ्याकडून मिळवायचा असतो तेव्हा. अशा मिश्र वाढीत सीबीपीडी असलेल्या पेशी कितीतरी पटींनी जास्त जनुकं मिळवतात. प्रयोगात डीएनए कुठून आला हे न पाहता निष्कर्ष काढला, की दोन शोधनिबंध एकमेकांच्या विरोधात वाटू लागतात.

१५. भित्तिका बनवणारी जनुकंच अशी बदलली जाऊ शकतात का?

हो, आणि दवाखान्याच्या दृष्टीने हेच सगळ्यात गंभीर. पेनिसिलिन ज्या विकरांना धरतं ती पेप्टिडोग्लायकन विणणारी विकरं: पीबीपी२एक्स, पीबीपी२बी, पीबीपी१ए. प्रतिकारक न्यूमोकोकसमध्ये या जनुकांचे तुकडे स्ट्रेप्टोकोकस मायटिससारख्या घशातल्या निरुपद्रवी नातेवाइकांकडून आलेले दिसतात. जनुक अर्धं आपलं, अर्धं दुसऱ्याचं, अशी मोझेक रचना असते. विकर भित्तिका विणत राहतं, पण पेनिसिलिन त्याला नीट पकडू शकत नाही.

१६. प्रतिजैविकांमुळे सक्षमता वाढते असं वाचलं. मग औषध घ्यायचं की नाही?

काही औषधांच्या बाबतीत प्रयोगशाळेत तसं दिसलं आहे. मायटोमायसिन, नॉरफ्लॉक्सासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांनी न्यूमोकोकस सक्षम होतो हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. डीएनएची प्रतिकृती अडखळवणाऱ्या औषधांत कारण असं सापडलं: गुणसूत्राची प्रतिकृती जिथून सुरू होते त्या आरंभस्थानाजवळच्या जनुकांच्या प्रती वाढतात, आणि सीएसपीची जनुकं तिथेच आहेत. ॲझट्रिओनाम आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा मार्ग भित्तिकेतून जातो. पेशी सुट्या न होता साखळीत राहतात, सीएसपी त्यांच्याजवळच साठतो आणि सक्षमता चालू होते.

यावरून स्वतःच्या औषधाबद्दल निर्णय घेऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रतिजैविक सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस घ्या. घरात उरलेली गोळी सर्दीसाठी घेऊ नका. ती सर्दीच्या विषाणूला लागू पडत नाही, घशातल्या जीवाणूंना मात्र लागते.

१७. भित्तिकेतल्या या बदलांचा रोगाशी काही संबंध आहे, की हे फक्त डीएनएपुरतं?

संबंध आहे. प्रश्न ७ मधल्या लोझानच्या कामातच आढळलं की सक्षम पेशींच्या मध्यभागी पीएसपीए आणि पीएसपीसी ही प्रथिनं जास्त उघडी पडतात, आणि त्यासाठी सीबीपीडी लागतं. ही दोन्ही प्रथिनं कोलीनलाच धरून पृष्ठभागावर बसतात. पीएसपीसी माणसाच्या पेशींना चिकटायला मदत करतं. पेशीचा बचाव शाबूत असला तरी सीबीपीडी तिच्या भित्तिकेवर थोडं काम करतंच, आणि त्यामुळे झाकलेली प्रथिनं बाहेर येतात. म्हणजे सक्षमतेचा संबंध जनुकांच्या देवाणघेवाणीबरोबरच न्यूमोकोकसच्या चिकटण्याशीही आहे.